उसाच्या दिवसांत अंधार पडला की गाडी हलवू नका

गाडीतच मुक्काम करत आम्ही दोघं अकरा दिवस मराठवाडा फिरलो. आधी गाडी फसली तो रस्ता सांगते, बाकीचं मागून.

जानेवारीत नळदुर्गचा किल्ला बघून आम्ही निघालो तेव्हा साडेपाच वाजले होते. उमरग्यापर्यंत महामार्ग, काही त्रास नाही. तिथे चहा घेताना शेजारच्या टेबलावरच्या एकाने सांगितलं, "काका, किल्लारीला जायचंय ना, मग आतनं जावा. नवा रोड झालाय, लोण्यावानी." पहिले चार किलोमीटर तसाच होता. पुढे नुसती खडी, एकाच गाडीपुरता रस्ता, दोन्हीकडे बाभळी, आणि समोरून उसाचे ट्रॅक्टर.

गाळप हंगाम तेव्हा ऐन भरात होता. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी हात-हात बाहेर आलेला. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. पुढचा एकच दिवा चालू असला की वाटतं मोटरसायकल येतेय. ट्रॅक्टरवर गाणी एवढ्या मोठ्याने, की हॉर्न ऐकू जात नाही. पाचव्या-सहाव्या ट्रॉलीला जागा द्यायला ह्यांनी डावीकडे घेतलं आणि मागचं चाक साइडपट्टीवरून खाली उतरलं. रान नुकतंच भिजवलेलं होतं. काळी माती. एक्सलपर्यंत गाडी बसली.

शेजारच्या फडावरची ऊसतोडीची माणसं बॅटऱ्या घेऊन धावत आली. चाकाखाली पाचट घातलं, आठ-दहा जणांनी धक्का मारला. गाडी तसूभर हलली नाही. शेवटी एक ट्रॅक्टरवाला आला. दोन हजार मागितले आणि एक रुपया कमी करेना. पाच मिनिटांत ओढून काढली. अंधार पडलेला, गाडी आडवी, त्याला आमची अडचण दिसत होती. तोडणीवाल्या बाईने मात्र चहाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. मी डब्यातले लाडू तिच्या पोरांना दिले.

म्हणून सांगते, नोव्हेंबर ते मार्च उसाच्या भागात संध्याकाळी सहाला गाडी लावलेली पाहिजे. जिथे असाल तिथे. नकाशा वीस किलोमीटर वाचतील म्हणाला तरी मोठा रस्ता सोडू नका. रस्त्याची चौकशी करायची तर ट्रकवाल्याला करा. मोटरसायकलवाल्याला खड्डे जाणवतच नाहीत. जाड वायररोप, दोन फळ्या आणि फावडं गाडीत हवंच. आमच्याकडे इडलीपात्र होतं, फावडं नव्हतं.

गाडी म्हणजे जुनी ट्रॅव्हलर, मिनीबस. सीटं काढून दोन पलंग, एक शेगडी, ऐंशी लिटरची टाकी. आम्ही दोघं निवृत्त, मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून. ऐंशी लिटर दोघांना दोन दिवस पुरतं, तेही अंघोळ तांब्याने केली तर. पाणी जिथे मिळेल तिथे भरा, टाकी निम्मी असली तरी. ढाब्यावर जेवलात तर बोअरचं पाणी कोणी नाही म्हणत नाही. प्यायला वीस लिटरचा जार वेगळा घ्या.

मुक्कामाचं म्हणाल तर महामार्गावरचा मोठा पेट्रोल पंप सगळ्यात चांगला. डिझेल तिथेच भरा, मॅनेजरला विचारा, संडासाच्या बाजूला पण ट्रकांपासून लांब गाडी लावा. रात्रभर इंजिनं चालू असतात, झोप लागत नाही. पंपावर शेगडी अजिबात पेटवू नका. भाकरी-ठेचा दुपारीच करून ठेवा.

तुळजापूरला गाडीत मुक्काम करू नका. मंगळवारी, शुक्रवारी आणि पौर्णिमेला तर जाऊच नका. आम्ही नेमके शाकंभरी नवरात्रात गेलो. खाजगी पार्किंगवाल्याने फोनवर "पाणी, संडास सगळं आहे" म्हणून सांगितलं होतं; तिथे एक नळ होता, तोही कोरडा. तीनशे रुपये गेले. दर्शन पहाटे घ्या आणि निघा.

गाडी फसली त्या रात्री किल्लारीच्या अलीकडे एका पुनर्वसित गावात शाळेसमोर थांबलो. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या भूकंपानंतर ही गावं नव्याने वसवली, त्यामुळे रस्ते रुंद आहेत, गाडी सहज वळते. जुन्या गावांत वेशीतून आणि लोंबत्या तारांखालून ट्रॅव्हलर नेणं जिवावरचं काम आहे. समोरच्या घरातल्या आजींनी पाठवलेलं गरम पाणी मी विसरणार नाही. चिखल पायांवर वाळून दगड झाला होता.

वेरूळ, पैठण, अंबाजोगाई झकास झालं. वेरूळची लेणी मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. तेवढं बघून जा. नांदेडला गुरुद्वाऱ्यात डोकं झाकून लंगरला बसा. तिथल्या सेवेकऱ्यांनीच आम्हाला गाडी कुठे लावायची ते दाखवलं. अकरा दिवसांत मी गाढ झोपले ती त्याच रात्री.

जानेवारीत पहाटे गाडीचा पत्रा बर्फासारखा होतो. एक घोंगडी अंगावर, एक खिडकीला.