आमची वाटचाल: दुधाच्या टाकीपासून हायड्रेटच्या भांड्यापर्यंत

अण्णांनी भोसरी एमआयडीसीत शेड घेतली ती दुधाच्या टाक्या बनवायला. मी डिप्लोमा करून शेडवर यायला लागले तोवर औषध कंपन्यांसाठी छोटे ऑटोक्लेव्ह (दाबाखाली वाफेनं निर्जंतुक करायची भांडी) सुरू झाले होते. मधली वर्षं भरभर सांगून टाकते: स्टेनलेस स्टील महागलं, दोन गिऱ्हाइकं बुडाली, एक लेथ विकली, दोन घेतल्या. एमआयडीसीतल्या कुठल्याही शेडची गोष्ट साधारण अशीच असते.

आमची वाट वळली ती एका संशोधन संस्थेतल्या मॅडम ड्रॉइंग घेऊन आल्या तेव्हा. अर्ध्या लिटरचं भांडं, १०० बार दाब (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब), आत २ अंशांवरचं पाणी आणि बाजूला सफायरची, म्हणजे नीलम स्फटिकाची, खिडकी. आत काय करणार म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "कार्बन डायऑक्साइड गोठवणार. पण पाण्यासकट." अण्णांनी माझ्याकडे बघितलं. चहा झाल्यावर मॅडमनी ड्रॉइंगच्या पाठीमागेच पिंजरा काढून दाखवला. थंडी आणि दाब पुरेसा असला की पाण्याचे रेणू पिंजरे बांधतात आणि प्रत्येक पिंजऱ्यात वायूचा एक रेणू कोंडतात. दिसायला बर्फ, पण एका घनमीटरात दीडशे घनमीटर वायू सहज मावतो. याला हायड्रेट म्हणतात. ४ अंशांच्या गोड्या पाण्याला वीसेक बार पुरतात, खाऱ्याला थोडे जास्त लागतात. समुद्रात हजार मीटर खाली १०० बार दाब आणि सहा-सात अंशांचं पाणी आयतं मिळतं. म्हणून तळाच्या गाळात कार्बन डायऑक्साइड असा डांबून ठेवता येईल का, हे बघणं चाललंय. आयआयटी मद्रासमधले संशोधक बंगालच्या उपसागराकडे याच नजरेनं बघतायत.

गंमत अशी, की गॅसच्या धंद्यातले लोक हायड्रेटला शिव्या घालतात. अमेरिकेत गॅसच्या पाइपलाइनी तुंबायच्या, त्या साध्या बर्फानं नाही तर हायड्रेटनं, हे १९३४ साली हॅमरश्मिट यांनी दाखवून दिलं. तेव्हापासून ते होऊ नये म्हणून पाइपात मेथॅनॉल ओततात. आमच्याकडे येणाऱ्या माणसाला मात्र ते व्हायलाच हवं असतं, तेही लवकर.

आणि ते लवकर होत नाही. पहिल्या चाचणीला आम्ही सकाळी अकराला वायू भरला, ३५ बार, २ अंश. सगळं शास्त्राप्रमाणे, तरी खिडकीत नुसतं पाणी. संध्याकाळी अण्णा म्हणाले, "मुहूर्त काढलाय का बाई?" रात्री साडेनऊला पडद्यावरची तापमानाची रेघ एकदम उचलली (पिंजरे बांधताना उष्णता बाहेर पडते), दाब उतरायला लागला आणि खिडकीत भिजवलेल्या साबुदाण्यासारखं पांढरं गोळा होत गेलं. पाच मिनिटं आम्ही सगळे त्या काचेला डोळे लावून होतो. मग ढवळणी अडकली. मोटर फिरतेय, मॅग्नेटिक कपलिंग (मोटरची फिरकी चुंबकानं आतल्या ढवळणीला देणारी जोडणी) घसरतंय, आत सगळं घट्ट. भांड्यातलं हायड्रेट वितळवून तेच पाणी पुन्हा थंड केलं तर मुहूर्त लवकर लागतो. मॅडम म्हणाल्या, पाण्याला आठवण राहते असं म्हणतात.

हा मुहूर्त अलीकडे आणायचा, हाच या कामातला खरा मुद्दा. ढवळून फरक पडतो, पण ढवळायला वीज लागते आणि घट्ट झाल्यावर ढवळणार काय? काहीजण एसडीएस घालतात, म्हणजे शाम्पूत असतो तसला साबण. काम होतं, पण दाब सोडताना फेस थेट गॅसच्या नळीत चढतो. आमचे दोन व्हॉल्व्ह त्यात गेले. त्यापेक्षा ल्युसिनसारखी अमिनो आम्लं मला आवडतात, ती निदान भांडं घाण करत नाहीत. आणि मग मॅग्नेशियम. टेक्सास विद्यापीठात, ऑस्टिनला, वैभव बहादूर यांच्या गटानं २०२१ मध्ये दाखवलं की पाण्यात मॅग्नेशियम ठेवलं की हायड्रेटची सुरुवात मिनिटाभरातही होऊ शकते.

त्यानंतर एका गिऱ्हाइकानं भांड्यात मॅग्नेशियमची पट्टी बसवायला सांगितली. आम्ही ती सरळ स्टीलच्या दांडीला बोल्टनं आवळली. खाऱ्या पाण्यात दोन दिवसांत पट्टी वाळवी लागल्यासारखी झाली. चूक आमचीच. गीझरमध्ये जो रॉड असतो तो बहुधा मॅग्नेशियमचाच, स्टीलच्या टाकीऐवजी आपण झिजावं म्हणून घातलेला. हे माहीत असून मला सुचलं नाही! आता पट्टी टेफ्लॉनच्या बाहीत बसवतो, स्टीलला शिवू देत नाही.

ओ-रिंगांनी (वायू गळू नये म्हणून बसवायच्या रबरी कड्यांनी) जेवढा छळ केला तेवढा कुणीच नाही. कार्बन डायऑक्साइड रबरात मुरतो. दाब झटकन सोडला की आतला वायू फुगतो आणि काळी गुळगुळीत रिंग पापडासारखे फोड घेऊन बाहेर येते. पहिलं भांडं त्यामुळेच परत आलं आणि त्याचे पैसे अकरा महिन्यांनी मिळाले. आता आमच्या मॅन्युअलात पहिल्याच पानावर ठळक लिहिलंय: दाब सावकाश सोडा.

एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. चाचणी संपवून दाब सोडला, गेज शून्यावर आला आणि नवा पोरगा झाकणाच्या बोल्टला पाना लावायला गेला. आमचे वेल्डर मामा तिथे उभे होते. त्यांनी पोराचा हात धरला. "खिडकीत बघ. पांढरं अजून तसंच आहे. वायू गेला असता तर ते राहिलं असतं का?" खरं होतं. गेजची बारीक नळीच हायड्रेटनं तुंबली होती. वायू सोडताना तो गार होतो, त्यानं नळीतलं हायड्रेट आणखी घट्ट बसलं होतं. आत ३० बार होते. नळीवर कोमट पाण्याचा कपडा गुंडाळला तेव्हा काटा हळूहळू वर चढला. त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून प्रत्येक भांड्याला दोन गेज, दोन वेगळ्या नळ्यांवर, आणि नळ्यांना गरम पाण्याचं जॅकेट. गिऱ्हाइक खर्चावरून कुरकुरलं तर ऑर्डर सोडते.

मामांना मी त्या दिवाळीला वेगळा बोनस दिला. त्यांनी शाळा सातवीत सोडलेली आहे.

सध्या बाकावर दोन मीटरचा उभा कॉलम आहे. ढवळणी नाहीच, वायू खालून बुडबुड्यांनी सोडायचा, म्हणजे अडकायला काही उरत नाही. तीन खिडक्या आहेत. पाण्याची चाचणी दीडपट दाबाला पास झाली, पण मधल्या खिडकीच्या सीटवर केसाएवढी रेघ दिसतेय. मामा म्हणतात चालेल. मी सोमवारी ती पुन्हा लेथवर घेणार आहे.