जर्मनी लागलं कधी?

“अरे, जर्मनी लागलं कधी?” जर्मनीतल्या वेगेलनबुर्ग किल्ल्याच्या माथ्यावर मागून आलेल्या कुणीतरी विचारलं. ते वाक्य अजून डोक्यातून जात नाहीये.

फ्रान्समधल्या होहेनबुर्ग किल्ल्याहून इथवर जेमतेम दहा-पंधरा मिनिटांची जंगलवाट. सीमेचा दगड वाटेतच आहे, पण नजर पायाखाली असते. असायलाच हवी. तांबड्या वालुकाश्मात खोदलेल्या पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्यात, त्यात वाळू आणि ओला पाचोळा साठतो. चढताना जाणवत नाही, उतरताना पाय सटकतो. कातळाच्या बाजूने, कडेला पाऊल टाकत उतरायचं.

फ्रान्समधल्याच फ्लेकेनस्टाईन किल्ल्याहून निघून लोवेनस्टाईन, होहेनबुर्ग, वेगेलनबुर्ग हे किल्ले करून परत यायला तीन-चार तास पुरतात. तिकीट फक्त फ्लेकेनस्टाईनला, म्हणून तो आधी बघावा. शेवटी ठेवला तर दार बंद मिळायचं. बाकी तिन्ही उघडेच. पाणी मात्र भरून घ्या.

वेगेलनबुर्ग ५७२ मीटरवर आहे, दोन्ही देशांचं रान एकसलग दिसतं. सतराव्या शतकात फ्रेंच फौजांनी हाच किल्ला उद्ध्वस्त केला. आणि आज कुणाला सीमा ओलांडल्याचं कळतही नाही.

तुम्हाला दिसला होता का तो दगड?