तुम्ही विचारलंत म्हणून : 'बिकॉज'च्या आधी कॉमा द्यायचा का?

सांगलीत विश्रामबागेला माझा इंग्रजीचा क्लास आहे. बँकेच्या परीक्षा देणारी पोरं, परदेशी निघालेल्या नर्स, बेदाण्याच्या व्यापाऱ्याकडं पत्रव्यवहार सांभाळणारे, सगळे कधी ना कधी वही पुढं सरकवून हेच विचारतात. "मॅडम, बिकॉजच्या आधी कॉमा येतो का? आणि इफ, व्हेन, विच?"

शाळेत आपल्याला शिकवलेलं असतं, वाचताना जिथं दम घ्याल तिथं कॉमा. म्हणजे दमेकऱ्यानं दर शब्दाला द्यायचा आणि पैलवानानं पानभर द्यायचाच नाही.

मी आधी मराठी वाक्य म्हणायला लावते. 'पाऊस थांबला तर मी येईन.' यातला 'तर' बरोबर सांध्यावर बसलाय. इंग्रजीत 'देन' आहे, पण तो बहुतेक वेळा गाळतात. मग सांधा दाखवायचं काम कॉमाकडं येतं. 'इफ द रेन स्टॉप्स, आय विल कम.' जेव्हा-तेव्हा, जरी-तरी यांचंही तसंच. जोडीतला दुसरा शब्द जिथं आला असता, तिथं कॉमा. वाक्य उलटं केलं, 'आय विल कम इफ द रेन स्टॉप्स', की 'इफ' स्वतःच सांध्यावर येऊन बसतो आणि कॉमाची गरज उरत नाही. 'ऑलदो' आणि 'व्हेअरअ‍ॅज' मात्र मध्ये आले तरी आधी कॉमा ठेवतात, कारण तिथं विरोध दाखवायचा असतो.

आपल्याकडं हे चिन्ह आलं तेच मुळी इंग्रजीवरून. मेजर थॉमस कँडी यांनी एकोणिसाव्या शतकात मराठीला विरामचिन्हं लावून दिली. त्याआधीची मोडीतली पत्रं बघा. आधी आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायचं. कॉमा नाही आणि दोन शब्दांत धड जागाही नाही. तरी कारभार चालला, कारण 'तर', 'तेव्हा', 'म्हणून' हे सगळे सांधे शब्दांतच होते. उलट आता आपली एक सवय इंग्रजीत घुसते. 'तो म्हणाला, की' असं लिहिणारा हात 'ही सेड'नंतरही कॉमा देतो आणि मग 'दॅट' लिहितो. तो कॉमा काढायचा.

आता बिकॉज. एरवी आधी कॉमा नको. पण वाक्यात 'नॉट' असेल तर जपून. समजा पावसात कुणी तुमच्या दारात उभं आहे आणि म्हणतंय, "पाऊस होता म्हणून नाही आलो हो, मुद्दाम भेटायला आलो." आणि दुसऱ्या दिवशी न आलेला पाहुणा फोनवर म्हणतो, "पाऊस होता म्हणून नाही आलो." शब्द तेच, पण एक आलाय आणि दुसरा आलेलाच नाही. आपण हे आवाजावरून ओळखतो. कागदाला आवाज कुठला? 'आय डिड नॉट कम बिकॉज इट वॉज रेनिंग' याचे दोन्ही अर्थ निघतात. बिकॉजच्या आधी कॉमा दिलात तर माणूस आला नाही, एवढं पक्कं होतं.

राहिला 'विच'. इथं मघाचा जोडीचा नियम लावाल तर फसाल. मी फसले आहे. क्लास काढायच्या आधी मी मार्केट यार्डात एका हळदीच्या पेढीवर पत्रं टाइप करायचे. वाटेत पाऊस लागून दोनशेपैकी काही पोती भिजली होती. शेठ म्हणाले, खरेदीदाराला कळव, जी पोती भिजलीत ती बाजूला काढा. 'जी' आणि 'ती', जोडी दिसली, म्हणून मी ऐटीत लिहिलं, 'प्लीज सेट असाइड द बॅग्ज, विच आर डॅम्प.'

दोन दिवसांनी शेठनी फोन ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. "काय गं, सगळी पोती भिजली म्हणून कुणी लिहिलं?"

त्या एका कॉमानं 'जी भिजलीत ती' याचं 'पोती बाजूला काढा, ती भिजलेली आहेत' झालं होतं. दोनशेच्या दोनशे. कोणती पोती हे ज्या उपवाक्यावरून ठरतं, त्याच्या आधी कॉमा नको. तिथं 'दॅट' लिहिला तर मोहही होत नाही. पोती आधीच ठरलेली असतील आणि वर जास्तीची माहिती द्यायची असेल, तरच कॉमा आणि 'विच'.

शेठना इंग्रजी येत नव्हतं, पण कॉमा ओळखू यायला लागला. त्यानंतर सहीला नेलेल्या प्रत्येक पत्रावर ते बोट फिरवायचे आणि विचारायचे, "ह्यात ते शेपूट न्हाई न्हवं?" पुढं कितीतरी महिने मी भीतीनं 'इफ'च्या वाक्यातलेसुद्धा कॉमा गाळत होते.