साथीला कोण, हे कुठे लिहायचं?

सीडी कॉम्प्युटरवर उतरवून घेणं हे मुळात यंत्राचं काम. तबकडी आत सरकवायची, बटण दाबायचं आणि आपल्या कामाला लागायचं. आमच्याकडे सहाशेच्या आसपास सीडी, त्यामुळे वेळ भरपूर गेला, पण डोकं फारसं लागलं नाही. डोकं लागलं ते नंतर, नावं भरताना. संग्रह ख्यालगायनाचा असेल तर या दुसऱ्या कामाची तयारी आधीपासून ठेवा, एवढ्यासाठीच हे सविस्तर लिहितेय.

घरातला सीडी प्लेअर तबकड्या ओळखेनासा झाला होता आणि नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नव्हता. म्हणून मायक्रोएसडी कार्ड बसणारा, खिशात मावणारा एक म्युझिक प्लेअर घेतला आणि यूएसबीला जोडायचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह आणला.

पहिला निर्णय फॉरमॅटचा. सीडीवरचा एक तासाचा आवाज जसाच्या तसा घेतला तर साधारण ६३५ एमबी होतो. फ्लॅक या फॉरमॅटमध्ये तोच बहुतेक वेळा निम्म्याच्या आसपास येतो आणि आवाजातलं काहीही गळत नाही. उलगडला की मूळ आकडे परत मिळतात. एमपीथ्री याहून खूप लहान, पण त्यात जे गेलं ते गेलं. पुन्हा सगळ्या सीडी काढून बसायची माझी तयारी नव्हती. ५१२ जीबीच्या कार्डावर फ्लॅकमधल्या हजाराहून जास्त सीडी मावतात, मग हात आखडता कशाला घ्यायचा?

फ्लॅकचा आणखी एक फायदा मैफलीच्या सीडींवर कळतो. तिथे विलंबित, म्हणजे संथ लयीचं गाणं संपून द्रुत, म्हणजे जलद लयीचं सुरू होतं तिथे ट्रॅक बदलतो, पण तानपुरा चालूच असतो. एमपीथ्री आवाजाचे ठरावीक लांबीचे तुकडे पाडतं आणि तुकडा पुरा भरला नाही तर उरलेली जागा शांततेनं भरतं. त्यामुळे कित्येक प्लेअरवर ट्रॅकच्या सांध्यावर तानपुरा क्षणभर गप्प होतो. ते फार खुपतं. फ्लॅकमध्ये अशी भर पडत नाही. तरीही प्लेअरच्या सेटिंगमध्ये ‘गॅपलेस’ चालू आहे ना, हे बघून घ्यावं.

उतरवायला ‘एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ हे विंडोजवरचं फुकट सॉफ्टवेअर वापरलं. शंका आली की ते तोच भाग पुन्हा पुन्हा वाचतं. शिवाय ‘अ‍ॅक्युरेटरिप’ या साठ्याशी आपला निकाल ताडून बघता येतो: तीच सीडी जगात आणखी कुणी उतरवली असेल आणि आवाजाच्या आकड्यांवरून काढलेल्या पडताळणीच्या दोन्ही बेरजा जुळल्या, तर आपली प्रत बिनचूक. माझ्या बऱ्याच मराठी सीडी त्या साठ्यात नव्हत्याच. अशा वेळी ‘टेस्ट अँड कॉपी’ निवडायचं. प्रत्येक ट्रॅक दोनदा वाचला जातो आणि दोन्ही वेळच्या बेरजा शेजारी दिसतात. वेळ दुप्पट लागतो, पण मन शांत राहतं.

चरे पडलेल्या सीडी मऊ, ओलसर सुती कापडानं मधून कडेकडे सरळ रेषेत पुसायच्या, गोल फिरवून नाही. खालच्या बाजूचे बारीक चरे बहुतेक वेळा निभावतात. छापील बाजूचा चरा जास्त वाईट, कारण माहितीचा थर त्या छपाईच्या अगदी खाली असतो. जी तबकडी नव्या ड्राइव्हनं नाकारली ती कधी कधी जुन्या डेस्कटॉपच्या ड्राइव्हनं मुकाट्यानं वाचली, तेव्हा जुना ड्राइव्ह भंगारात देण्याआधी थांबा. खाजगी बैठकींच्या, रसिकांनी एकमेकांना दिलेल्या, मार्करनं नाव लिहिलेल्या रायटेबल सीडी मी सगळ्यांत आधी उतरवल्या. त्यांचा थर रंगद्रव्याचा असतो. ऊन आणि उष्णता त्याला सोसत नाही. आणि त्यांची दुसरी प्रत बाजारात मिळत नाही.

आता नावं. सीडी घातली की सॉफ्टवेअर इंटरनेटवरून नावं आणतं, आणि तिथेच गाडं अडतं. एकाच गायकाचं नाव एका सीडीवर ‘पंडित भीमसेन जोशी’, दुसरीवर ‘पं.’ लावून, तिसरीवर नुसतं ‘भीमसेन जोशी’. प्लेअरला हे तीन वेगळे गायक वाटतात. रागाचंही तेच: ‘मियाँ मल्हार’ आणि ‘मियाँ की मल्हार’ दोन ठिकाणी जाऊन बसतात. मी आधी कागदावर यादी केली, प्रत्येक गायकाचं आणि रागाचं एकच रूप ठरवलं, उपाध्या सगळ्या काढल्या आणि ‘एमपीथ्रीटॅग’ नावाच्या सॉफ्टवेअरमधून सीडीमागून सीडी दुरुस्त केली. भावगीतांच्या संमिश्र सीडींना ‘अल्बम आर्टिस्ट’चा रकाना भरणं सक्तीचं समजा, नाहीतर एका सीडीचे दहा तुकडे होतात.

पण तयार रकाने मुळात पाश्चात्त्य संगीताच्या सोयीनं आखलेले. गायक, अल्बम, संगीतकार, झालं. राग कुठे लिहायचा? ताल? वसंतराव आचरेकरांचा तबला, गोविंदराव पटवर्धनांची किंवा आप्पा जळगावकरांची पेटी, ही नावं सीडीच्या आतल्या कागदावर बारीक अक्षरांत असतात आणि फाइलमध्ये ती आपोआप कधीच येत नाहीत. साथीदाराचं नाव गळणं मला मान्य नव्हतं. फ्लॅकमध्ये आपल्याला हवे ते रकाने जोडता येतात, म्हणून मी ‘राग’, ‘ताल’, ‘तबला’, ‘पेटी’ असे सरळ नवे रकाने केले. प्लेअर ते दाखवत नाही, पण कॉम्प्युटरवर आप्पांची साथ असलेलं सगळं गाणं एका शोधात समोर येतं. शोध पहिल्यांदा चालला त्या दिवशी मी रात्री उशिरापर्यंत फक्त पेटी ऐकत बसले. नवरा शेजारी बसून भिंगातून नावं वाचून दाखवायचा, मी टाइप करायचे. काही कागदांवर साथीदारांची नावंच छापलेली नाहीत. याचा राग येतो.

नावं देवनागरीत लिहिली. माझ्या प्लेअरच्या पडद्यावर ‘किशोरी’तली पहिली वेलांटी क च्या पुढे जाऊन पडते आणि जोडाक्षरं सुटी होतात, तरी बदलली नाहीत. प्लेअर चार-पाच वर्षांनी बदलेल, फाइली राहतील. फोल्डरची आणि फाइलींची नावं मात्र रोमन ठेवली आणि ट्रॅकना ०१, ०२ असे दोन आकडी क्रमांक दिले, कारण काही प्लेअर १ नंतर थेट १० वाजवतात.

सगळ्याच्या दोन प्रती दोन हार्ड डिस्कवर आहेत. त्यातली एक नाशिकला बहिणीकडे. आतल्या कागदांचेही फोटो काढून त्या त्या फोल्डरमध्ये टाकले. सीडी टाकून दिल्या नाहीत, माळ्यावर उभ्या रचून ठेवल्यात. आता कॅसेटींचा खोका खाली काढलाय आणि डेकचा पट्टा बदलून देणारा कारागीर शोधतेय.