टर्कीचा यंदाचा हंगाम: पिसारा नराचा, होकार मादीचा

मंडळी, आमच्या पलूसच्या परड्यात यंदाचा टर्कीचा हंगाम शिवरात्रीच्या आसपास सुरू झाला. सध्या दोन नर आणि सहा माद्या आहेत, सगळी देशी काळपट-तांबूस. दोन्ही नर एकाच रवणीतले, म्हणजे एकाच वेळी उबवलेल्या अंड्यांतले, सख्खे भाऊ. यंदा ठरवूनच नरांपेक्षा माद्यांवर जास्त लक्ष ठेवलं, आणि त्यामुळे या पक्ष्याचं बरंच काही उलगडलं. पिसारा कितीही फुलू दे, मिलन होणार की नाही हे मादीच ठरवते.

आधी उजेडाचं सांगते, कारण सगळं तिथून सुरू होतं. टर्कीची मादी अंड्यावर येते ती दिवस मोठा होऊ लागल्यावर. मोठ्या फार्मवर साधारण १४ तास उजेड मिळेल असे दिवे लावतात. आपल्याकडे सर्वात मोठा दिवसही तेरा तासांच्या थोडा पुढे जातो, तरी २२ डिसेंबरनंतर दिवस वाढायला लागला की नर आधी जागे होतात आणि माद्या मागून. मी दिवा लावत नाही. दिवा लावला तर अंडी लवकर आणि जास्त मिळतील, पण मला त्यांचा मूळचा क्रम बघायचा आहे.

नर जागा झाला हे आधी कानाला कळतं. किर्लोस्करवाडीकडून गाडीचा भोंगा आला की दोघेही मान पुढे काढून एकदम गुडगुडतात. कुकरच्या शिट्टीला, ट्रॅक्टरच्या हॉर्नला, मोठ्यानं हसणाऱ्या माणसालाही तोच जबाब. पण हे गुडगुडणं म्हणजे लांबची हाक. मादी जवळ असली की नर आवाज बंद करून पिसारा काढतो.

आता अगदी जवळून काय दिसतं ते. शेपटीचा पंखा उभा, पाठीची पिसं फुगलेली, मान मागे ओढून छातीला टेकवलेली. दोन्ही पंख खाली सोडलेले आणि त्यांची टोकं जमिनीला घासत जातात. मध्येच एक ‘फुस्स’ होतं आणि लगेच खोलवर घुमल्यासारखा बारीक आवाज येतो. तो कानापेक्षा छातीत जास्त जाणवतो. मार्चअखेर थोरल्याचे, म्हणजे दोघांत वरचढ ठरलेल्या नराचे, पंख हातात धरून पाहिले, तर उडण्याच्या पिसांची टोकं झिजून कुंचल्यासारखी झाली होती. या दिवसांत नर खातोही कमी आणि वजन उतरतं, म्हणून सकाळी लवकर, पिसाऱ्याचं सत्र सुरू व्हायच्या आत, त्याच्यापुढे मक्याचा भरडा ठेवते.

डोक्याचे रंग तर बघत बसावेत. चेहरा निळा, टाळू पांढरीफटक, गळ्याच्या गाठी लालभडक, आणि घाबरला की सगळं मिनिटभरात फिकं. चोचीवरचा मांसाचा तुकडा, ज्याला स्नूड म्हणतात, एरवी बोटाच्या पेराएवढा असतो. पिसारा काढला की तोच लांबून चोचीच्या खाली लोंबतो. १६१२ साली गोव्याहून जहांगीर बादशहाकडे एक टर्की गेला होता. उस्ताद मन्सूरनं त्याचं चित्र काढलं आणि बादशहानं स्वतः लिहून ठेवलं की हा तुकडा हत्तीच्या सोंडेसारखा लोंबतो आणि डोकं सरड्यासारखे रंग बदलतं. चारशे वर्षांपूर्वीचं हे निरीक्षण आजही माझ्या परड्यात तंतोतंत जुळतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

या स्नूडला मादी खरंच किंमत देते. रिचर्ड बुखोल्ट्झ या अमेरिकन अभ्यासकानं १९९५ साली दाखवलं की माद्या लांब स्नूडच्या नराकडे जास्त वळतात. लांब स्नूडच्या नरांत कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवींचं प्रमाणही कमी आढळलं. म्हणजे मादी त्या लोंबत्या तुकड्यावरून नराची तब्येत वाचते. आमच्या थोरल्याचा स्नूड धाकट्यापेक्षा ठळकपणे लांब आहे आणि चार माद्या त्याच्याच भोवती असतात.

भावाभावांतली भांडणं जानेवारीतच उरकली. एकमेकांच्या स्नूडला चोचीत धरायचं, माना गुंतवायच्या आणि ढकलत राहायचं. रक्त दिसलं तेव्हा मध्ये फळ्या लावल्या, पण एकदा मोठा कोण हे ठरलं की धाकटा नमतं घेतो. गंमत अशी की त्यानंतरही धाकटा थोरल्याच्या बाजूला उभा राहून पिसारा काढतो. कॅलिफोर्नियातल्या रानटी टर्कींवर अ‍ॅलन क्राकॉवर यांनी २००५ साली हेच मांडलं: भाऊ जोडीनं पिसारा काढतात, पिल्लं मात्र मोठ्याचीच होतात, आणि धाकट्याचा फायदा भावाच्या पिल्लांतून, म्हणजे आपल्याच रक्तातून पोचतो. परड्यातल्या दोन भावांवरून मी काही सिद्ध करू शकत नाही. पण तो लेख वाचल्यापासून धाकट्याकडे ‘हरलेला नर’ म्हणून बघणं मी सोडलं.

आता मादी. ती बराच वेळ काहीच दाखवत नाही. दाणे टिपते, नराला पाठ करून निघून जाते. मग एखाद्या सकाळी नरासमोर येऊन थांबते, मान आखडून खाली करते आणि जमिनीला टेकून बसते. हा होकार. नर तिच्याभोवती फिरतो, पाठीवर चढतो आणि बराच वेळ पाय नुसता तुडवत राहतो. शेवटी ती शेपूट बाजूला करून उचलते तेव्हा दोघांची गुदद्वारं क्षणभर टेकतात. झालं. ती उठून अंग झाडते आणि चालू लागते. तिनं शेपूट उचलली नाही तर तुडवणं फुकट जातं, आणि असं पुष्कळदा होतं. नर पाठीवर दिसला म्हणजे अंडं फलित, असं धरू नका.

माणसाळलेली मादी आपल्या पायाशीही अशी बसते. पाठीवर हलका दाब दिला की थोड्या वेळानं उठून जाते. नराला काय लागतं हे शाइन आणि हेल या अमेरिकन अभ्यासकांनी पाहिलं होतं. त्यांनी मादीच्या बाहुलीची शेपूट, पंख, पाय एकेक करून काढले. शेवटी काठीवर नुसतं डोकं उरलं, तरी नर त्यासमोर पिसारा काढत राहिला. त्यामुळेच मादी बसताना मान कुठे आणि कशी ठेवते, याला मी आता सर्वात जास्त महत्त्व देते.

तुडवण्यानं पाठ सोलते. दोन माद्यांच्या पंखाखाली नखांचे ओरखडे निघाले, म्हणून जुन्या जीन्सच्या कापडाचं जाकीट शिवून पाठीवर बांधलं आणि नरांची नखं घासून बोथट केली. ज्यांना पांढऱ्या, रुंद छातीच्या जातीचं आकर्षण आहे त्यांनी आधी हे लक्षात घ्यावं: तिथले नर इतके जड असतात की नैसर्गिक मिलन जमत नाही, कृत्रिम रेतनच करावं लागतं. परड्यासाठी हलका देशी पक्षीच बरा.

अंड्यांचं ठिकाण हा वेगळाच खेळ. पाचट भरलेला ट्रॅक्टरचा जुना टायर मांडला होता. तीन माद्यांनी तो घेतला, बाकीच्या वळसे घेत घेत शेजारच्या उसात शिरल्या. मुंगसाच्या आधी पोचायचं तर अंतर ठेवून मागे जावं लागतं, कारण आपण दिसलो की ती उभी राहून दाणे टिपल्याचं सोंग करते. अंडी पिवळसर, तपकिरी ठिपक्यांची. उबवायला ठेवल्यापासून आठव्या-नवव्या दिवशी बॅटरीच्या उजेडात रक्तवाहिन्यांचं जाळं दिसतं. एका मिलनानंतर मादी शुक्राणू कित्येक आठवडे साठवून ठेवते, म्हणून बाप कोण हे ठरवायचं असेल तर मादी दुसऱ्या नरापासून हंगामाच्या बऱ्याच आधी वेगळी काढा. शिवाय नराशिवायही टर्कीच्या अंड्यात थोडीफार वाढ सुरू होते. अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिलच्या संशोधकांनी १९५० च्या दशकात हे नोंदवलं, आणि त्यातून क्वचित जगलेली पिल्लं सगळी नर होती. पुसटशी वाढ दिसली म्हणून लगेच नराला श्रेय देऊ नये.

रवणीची बाजू मात्र आमच्या आत्यांची. त्यांनी आयुष्यभर गावठी कोंबड्या बसवल्या आहेत. पहिली मादी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसून राहू लागली, तेव्हा मी अंडी घेऊन निघाले, तर म्हणाल्या, “थांब गं, अजून दोन रात्री बसू दे. उठली तर अंडी वाया.” दोन रात्री लाकडी अंड्यांवर बसली आणि हात घातला की फुत्कारायला लागली, तेव्हा खरी अंडी ठेवली. टर्कीला २८ दिवस लागतात, गावठी कोंबडीला २१, म्हणून गावठीखाली टर्कीची अंडी ठेवली तर शेवटच्या आठवड्यात ती उठून जाईल ही धाकधूक असते. मी तेही टाळते, कारण कोंबड्यांतून येणारा काळ्या डोक्याचा रोग टर्कीचा जीव घेतो. कोंबड्यांचं खुराडं आणि मोकळं रान दोन्ही पूर्ण वेगळं आहे.

आत्ताची स्थिती: दोन माद्या रवणीला, एकीची पिल्लं बाहेर. टर्कीचं पिल्लू दाण्याशेजारी उपाशी मरू शकतं, म्हणून उकडलेलं अंडं कुस्करून त्यावर बारीक चिरलेला लसूणघास टाकते आणि बोटानं टकटक करून दाखवते. हिरवं हललं की चोच मारतात. ऊन चाळिशीला टेकल्यापासून नर फक्त पहाटे आणि दिवस कलताना पिसारा काढतात, दुपारी सावलीत चोच उघडून धापा टाकतात. पुढच्या हंगामासाठी दोन तरुण माद्या दिवाळीनंतर धाकट्याबरोबर वेगळ्या ठेवणार आहे. थोरला नजरेआड असताना त्या धाकट्यासमोर बसतात का, हे बघायचं आहे. तुमच्याकडे कोणी असं करून पाहिलं असेल तर नरांच्या स्नूडची लांबी आणि माद्यांचं वय दोन्ही लिहा.