एलईडी फलकांपासून एआयच्या टूलपर्यंत: आमची वाटचाल

सांगलीच्या गणपती पेठेत आम्ही दुकानांचे एलईडी फलक बनवून द्यायचो. मेडिकलवाले, सराफ, हळदीचे अडते आणि भाद्रपद जवळ आला की गणेश मंडळं, असं आमचं गिऱ्हाईक. पी१० नावाचं जे पॅनेल बाजारात मिळतं त्यात आडवे ३२ आणि उभे १६ दिवे असतात. या १६ ओळींत देवनागरी बसवणं हे खरं काम. ‘मूर्ती’ लिहायचं तर खाली दीर्घ उकार, वर शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी आणि वेलांटीला खेटून रफार. अक्षराच्या अंगाला मग ओळी उरतात त्या जेमतेम. एक दिवा इकडचा तिकडे झाला की रफाराचा अनुस्वार वाटायला लागतो. आम्ही एकेक अक्षर हाताने बसवलं. पिक्सेल आर्टचं, म्हणजे एकेक ठिपका मांडून चित्र काढायचं, आमचं शिक्षण तिथेच झालं.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, पेठेत पाणी शिरलं आणि पॅनेल, पॉवर सप्लाय, सगळा माल गेला. पुढे विश्रामबागला छोटी जागा घेतली आणि मोबाइल गेमसाठी पिक्सेल आर्टची कामं धरली. त्यासाठी लागणारा एडिटर, म्हणजे चित्र काढायचा प्रोग्रॅम, घरच्या घरी तयार झाला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक या एआय कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल खुला केला. एआय एजंटला, म्हणजे सांगितलेलं काम टूल्स वापरून स्वतः करणाऱ्या एआयला, बाहेरची टूल्स जोडायची एक ठरलेली पद्धत त्यामुळे मिळाली आणि आम्ही आमचा एडिटर तसा जोडला. एजंटने एकेक पिक्सेल लावत बसायचं म्हणजे काम लांबतं आणि रेघही हुकते, म्हणून आकार काढायचं टूल केलं: रेघ, चौकोन, लंबवर्तुळ, पोकळ किंवा भरीव. कोड लवकर झाला. वेळ गेला, आणि आजही जातो, तो त्याच्या डॉक्युमेंटेशनवर, म्हणजे टूल कसं वापरायचं ते लिहिण्यावर. आमच्या धंद्यात मला सर्वांत मोलाचं काम तेच वाटतं.

माणूस टूल हातात घेतो, दोन रेघा मारून बघतो आणि शिकतो. एजंटसमोर टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटर (टूलला द्यायची माहिती) एवढंच असतं. वर्णनात जे नाही ते तो अंदाजाने भरतो. १६ बाय १६ च्या कॅनव्हासवर काठापासून एक पिक्सेल सोडून चौकट काढायला सांगा. मोजणी शून्यापासून, उगम, म्हणजे (०,०) हा बिंदू, डावीकडे वरच्या कोपऱ्यात, दोन्ही टोकं धरून, हे तिन्ही लिहिलेलं असेल तर तो (१,१) ते (१४,१४) देतो. ‘दोन्ही टोकं धरून’ हे तीन शब्द काढले की कधी १४ येतं, कधी १५. म्हणून प्रत्येक वाक्य आम्ही असंच तपासतो: नव्या सत्रात एजंटला फक्त वर्णन द्यायचं, चित्र काढायला सांगायचं आणि मग ते वाक्य काढून तेच परत करायचं. ज्याच्या जाण्याने फरक पडत नाही ते वाक्य आम्ही ठेवत नाही.

वर्तुळाला आम्ही मध्यबिंदू आणि त्रिज्या मागत नाही. दोन्ही पूर्णांक असले की व्यास कायम विषम येतो. त्रिज्या ८ दिली तर वर्तुळ १७ पिक्सेलचं होतं आणि १६ च्या चौकोनात मावत नाही. वर्तुळ ज्या चौकटीत बसवायचं तिचे समोरासमोरचे दोन कोपरे मागितले की सम मापही नीट बसतं. हे कारण वर्णनात एका ओळीत लिहिलंय, कारण तसं नसेल तर एजंट सवयीने त्रिज्याच पाठवू बघतो.

रेघेची गंमत निराळी. जॅक ब्रेझनहॅम यांनी १९६२ मध्ये आयबीएममध्ये प्लॉटरसाठी (कागदावर रेघा काढणाऱ्या यंत्रासाठी) बसवलेली रीत आम्ही वापरतो. (०,०) ते (७,३) रेघ काढली की दोन-दोन पिक्सेलच्या चार सरळ पायऱ्या पडतात, डोळ्याला सुंदर दिसतात. (८,३) पर्यंत नेली की नऊ पिक्सेल चार ओळींत वाटायचे, म्हणजे एक पायरी तिनाची होणारच. कुठली, हे रेघ कुठल्या टोकाकडून काढली यावर ठरू शकतं, कारण मधला पिक्सेल बरोबर दोन ओळींच्या मध्ये पडतो. दोन्हीकडून तीच रेघ यावी म्हणून टूल आधी टोकं डावीकडून उजवीकडे लावून घेतं, आणि तसं लिहिलेलंही आहे. पायऱ्या एकसारख्या हव्या असतील तर कुठली मापं घ्यावीत हेही आम्ही सुचवतो.

टूलचं उत्तरसुद्धा डॉक्युमेंटेशनच आहे. एजंट दर वेळी चित्र बघतोच असं नाही. वरची पोकळ चौकट काढून झाली की टूल ‘५२ पिक्सेल बदलले’ असं सांगतं आणि कुठून कुठपर्यंत तेही. आकडा जुळला नाही तर तो स्वतःच थांबून बघतो. रंग पॅलेटबाहेरचा, म्हणजे ठरलेल्या रंगांच्या क्रमवार यादीत नसलेला, असेल तर नुसतं ‘चूक’ म्हणून आम्ही सोडत नाही, कुठले क्रमांक चालतील ते सांगतो.

हे सगळं लिहिते ती आमच्याकडची एक मुलगी, मराठीत एम.ए. झालेली. कोड तिला येत नव्हता, पण कुठलं वाक्य दोन तऱ्हांनी वाचलं जाईल हे तिला आमच्याआधी दिसतं. सध्या ती कमानीच्या टूलचं वर्णन लिहितेय. कॅनव्हासवर वाय, म्हणजे उभ्या दिशेचा आकडा, खाली वाढतो, त्यामुळे गणितातला धन कोन पडद्यावर घड्याळाच्या दिशेने फिरतो. शून्य अंश कुठे, कोन कुठल्या बाजूला वाढतो आणि शेवटचा पिक्सेल धरायचा की नाही, यावर आमचं रोज बोलणं चाललंय.