तलवार सुटली, कट्यार अडकली

कॅनडातल्या मिसिसागात कस्टम्स ब्रोकरचं काम करताना मराठी कुटुंबाच्या घरसामानात काय निघणार हे मी खोके न उघडता सांगू शकते. कुकर, पुरणयंत्र, देव, पैठण्या, आणि कुणीही पुन्हा न वाचणारी दिवाळी अंकांची गठ्ठी. कायमचं राहायला येणाऱ्यांचं असं सामान टॅरिफमधल्या, म्हणजे सीमाशुल्काच्या यादीतल्या, ९८०७ या कलमाखाली बिनाशुल्क सुटतं. कागद नीट असले की कुणी खोकीसुद्धा फोडत नाही. कोल्हापूरच्या त्या कुटुंबाची खोकी मात्र फोडली गेली. पॅकिंग यादीत ‘शोभेच्या वस्तू’ आणि ‘खेळाचं साहित्य’ अशा दोन ओळी होत्या, आणि एक्स-रेमध्ये त्या दोन्ही ओळींना पाती आणि नळ्या फुटलेल्या दिसत होत्या.

विमानतळाजवळच्या बाँडेड गोदामात पोचले तेव्हा बॉर्डर सर्व्हिसेसच्या अधिकारी बाईंनी टेबलावर सगळं ओळीनं मांडून ठेवलं होतं. मुलगा-सून नोकरीवर, म्हणून सासरे, म्हणजे काका, एकटेच आले होते. डोक्यावर लोकरी टोपी, हातात पासपोर्टची पिशवी. मला बघून त्यांना हायसं वाटलं. “ताई, तुमीच सांगा यांना,” ते म्हणाले, “आमी काय दरोडा घालायला आलोय व्हय?”

टेबलावर एक निकेलचं पाणी दिलेली तलवार होती. मुलाच्या लग्नातली कट्यार होती, जिच्या टोकाला लिंबू खोचून तो मांडवात उभा राहिला होता. रायगडाच्या पायथ्याशी घेतलेलं पितळी वाघनख, नातवाचं काळं पिस्तूल, टिकल्यांचं लाल प्लास्टिकचं पिस्तूल, सुनेच्या जुन्या पर्समधला पेपर स्प्रे, आणि लांब खोक्यात नातीची छऱ्याची रायफल. विळीही होती. तिच्याकडे बाईंनी क्षणभर पाहिलं, नारळ खवायच्या दातऱ्यांवरून बोट फिरवलं आणि ती बाजूला ठेवून दिली.

आपल्याकडे शस्त्राचा दरारा त्याच्या लांबीवर ठरतो, म्हणून काकांना सगळी काळजी तलवारीची होती. ती पहिल्या मिनिटातच सुटली. कॅनडाच्या फौजदारी संहितेत तलवारीवर सरसकट बंदी नाही. ती घेऊन कुणाला धमकावलंत तर गोष्ट वेगळी. अडकली ती वीतभर कट्यार. बंदी असलेल्या शस्त्रांच्या नियमावलीत ‘पुश डॅगर’ नावाची नोंद आहे: ज्याची मूठ पात्याच्या धारेला आडवी बसवलेली असते असा सुरा आणि तत्सम कुठलीही वस्तू. आपली कट्यार मुठीत आडवी धरूनच पुढे भोसकतात, तिची घडणच तशी. त्या नोंदीत अपवाद एकच, आर्क्टिकमधल्या इनुइट लोकांच्या ‘उलू’ या सुरीचा. त्यांच्या बायका शेकडो वर्षं तिनं मासे कापतात, कातडी सोलतात. नियम लिहिणाऱ्यांना उलू ठाऊक होती, कट्यार ठाऊक नव्हती. मला हे तेव्हाही खटकलं, आजही खटकतं.

“अहो पण ती जुनी आहे, माझ्या आजोबांच्या वेळची,” काका म्हणाले. मी ते इंग्रजीत सांगितलं. बाईंनी मान हलवली. जुनेपणाची सवलत फक्त बंदुकांना. १८९८ च्या आधी बनलेल्या, ठरावीक वर्णनात बसणाऱ्या बंदुका ‘अँटिक’ ठरतात, त्यांना परवाना लागत नाही, नोंदणी लागत नाही. इतकंच नाही, तोड्याची किंवा गारगोटीची लांब बंदूक आज नव्यानं घडवलेली असली तरी अँटिकच धरतात. हे ऐकून काका पहिल्यांदा हसले. “म्हंजे तोड्याची बंदूक आणली असती तर चाललं असतं, आणि लगनातली कट्यार न्हाई?” हो, असंच. अर्थात ती भारतातून बाहेर काढताना तिथल्या कायद्यानं काकांना जेरीस आणलं असतं, पण तो इथल्या बाईंचा प्रश्न नव्हता.

वाघनखाचं ऐकून मात्र मला नवल वाटलं नाही. बोटं घालायच्या कड्या असलेली धातूची पट्टी ‘ब्रास नकल्स’च्या नोंदीत जाते, असं बाई म्हणाल्या, आणि त्याच्याशी भांडायला माझ्याकडे मुद्दा नव्हता. पेपर स्प्रेही गेला. माणसाला निकामी करायला बनवलेला फवारा इथे बंदीचं शस्त्र आहे. अस्वलासाठीचा, तसं लेबल असलेला फवारा मात्र कॅम्पिंगच्या दुकानात सहज मिळतो. पुण्यात रात्रीच्या शिफ्टला जाणाऱ्या सुनेनं तो स्प्रे पर्समध्ये ठेवला होता आणि विसरून गेली होती.

आता उरली पिस्तुलं आणि रायफल, आणि इथे कायदा खरा अवघड होतो.

टिकल्यांचं लाल पिस्तूल बाईंनी हसून परत केलं. काळं पिस्तूल जत्रेतलं, प्लास्टिकच्या गोळ्या उडवणारं, पण ते हुबेहूब बेरेटा या खऱ्या पिस्तुलासारखं दिसत होतं. वजनही तसंच. इतकं कमजोर की त्यातली गोळी लागली तर नातू नुसता ओरडतो. त्यावर बंदी. अस्सल बंदुकीशी तंतोतंत जुळणारी, पण स्वतः बंदूक नसलेली वस्तू म्हणजे ‘रेप्लिका’, आणि रेप्लिका हे ‘प्रोहिबिटेड डिव्हाइस’, म्हणजे सायलेन्सर आणि जादा गोळ्यांच्या मॅगझिनच्या पंगतीतलं.

यातली गंमत ‘स्वतः बंदूक नसलेली’ या शब्दांत आहे. नळीतून काहीतरी सोडणारी आणि माणसाला गंभीर इजा करू शकणारी वस्तू ही कायद्याच्या व्याख्येनं बंदूक. इजा कशी मोजायची, तर डोळा फुटू शकतो का यावरून. २०१४ मध्ये डन खटल्यात कॅनडाच्या सुप्रीम कोर्टानं हीच व्याख्या छऱ्याच्या पिस्तुलालाही लावली. म्हणजे तेच काळं पिस्तूल थोडं अधिक जोरकस असतं, डोळा फोडण्याइतकं, तर ते बंदूक ठरलं असतं, म्हणून रेप्लिका ठरलं नसतं, म्हणून बिनपरवाना आत आलं असतं. २०२३ च्या, बंदुकांवरच्या सी-२१ कायद्यात सरकारनं ही मधली फट बुजवायचा प्रयत्न केला होता. असल्या प्लास्टिकच्या गोळ्यांच्या बंदुकांनी एअरसॉफ्ट खेळणाऱ्यांनी आरडाओरडा केला आणि ते कलम संसदेच्या समितीतच गळालं. काकांना मी हे समजावलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की कायदा मीच लिहिला असावा.

या मधल्या पट्ट्याची वरची हद्द मात्र आकड्यांत आहे: सेकंदाला १५२.४ मीटर वेग आणि ५.७ ज्यूल ऊर्जा. दोन्ही ओलांडले की ती परवान्याची बंदूक. खेळण्यातली ०.२ ग्रॅमची गोळी १५० मीटरच्या वेगानं सुटली तरी सव्वादोन ज्यूलच्या आसपास राहते. छऱ्याचं तसं नाही. अर्ध्या ग्रॅमचा छरा १५२ च्या पुढे गेला की ऊर्जेची हद्दही आपोआप ओलांडतो.

नातीच्या रायफलीच्या खोक्यावर १७० छापलं होतं.

ही रायफल आली कशी, तेही काकांनी सांगितलं. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्निल कुसाळेनं रायफलीत ब्राँझ घेतलं, तो राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. नात हट्टाला पेटली, काकांनी तिला रेंजवर घातलं आणि ही रायफल घेऊन दिली. कोल्हापुरात त्यात वावगं काहीच नव्हतं, भारतात .१७७ बोअरची, २० ज्यूलच्या आतली हवेची रायफल बिनपरवाना मिळते. तीच वस्तू समुद्र ओलांडून आली आणि हरणाच्या शिकारीच्या बंदुकीच्या वर्गात, ‘नॉन-रिस्ट्रिक्टेड फायरआर्म’मध्ये जाऊन बसली. घरात कुणाकडे परवाना नाही, म्हणून ९८९८. तेच टॅरिफ, तीच फाईल, पण हे कलम बंदीच्या मालाचं.

बाई चिडक्या नव्हत्या. यादीत मोघम का होईना, नोंद होती, म्हणून जप्ती न करता सामान अडकवून ठेवते, असं त्या म्हणाल्या. वस्तूंवरचा हक्क सोडून द्या, त्या देशाबाहेर पाठवा, किंवा वर्गवारी मान्य नसेल तर ९० दिवसांत फेरनिर्णय मागा. त्यांनी नातीसाठी एक गोष्ट आपणहून सांगितली: बाराव्या वर्षापासून मुलांना मायनर्स लायसन्स मिळतं, सेफ्टी कोर्स करून. दुसऱ्याची रायफल वापरता येते, स्वतःची घेता येत नाही. नात तेरा वर्षांची. काकांनी तो कोर्स कुठे असतो ते माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं. पिस्तूल नेमबाजीचं विचारलं तेव्हा मीच त्यांना थांबवलं. २१ ऑक्टोबर २०२२ पासून हँडगनची खरेदी-विक्री देशभर गोठवलेली आहे, आणि जोरकस एअर पिस्तूलही त्यातच मोडतं.

वाघनख, स्प्रे आणि काळं पिस्तूल यांवर काकांनी लगेच सह्या केल्या. “वाघनख गडाखाली ढिगानं मिळतंय.” रायफलीच्या कागदावर पेन थोडा अडखळला, पण सही झाली, हद्दीच्या आतली, १५० मीटरची रायफल इथल्याच दुकानात मिळते, हे मी सांगितल्यावर.

कट्यारीच्या कागदावर सही केली नाही. फेरनिर्णय मागायचाही नव्हता. “त्यांना पटवून काय करू? तिला घरी धाडा.” कुरियर कंपन्यांनी पात्याचं नाव ऐकून नकार दिला. शेवटी माल परदेशी पाठवणारा एक फॉरवर्डर तयार झाला, कागदपत्रांचे वेगळे पैसे लावून. कोल्हापुरात तशा चार कट्यारी आल्या असत्या इतका तो खर्च होता. काकांनी गोदामभाड्यावर माझ्याशी अर्धा तास घासाघीस केली. कट्यारीच्या बिलाची रक्कम मात्र न विचारता भरली.